बबे, घरात बोलतेस तसं लिही

बबे, तुझा लेख वाचला. दिवाळी अंकासाठी ओमूच्या गमती लिहायला घेतल्यास, फार चांगलं केलंस. जे वाटलं ते लिहूनच कळवते, कारण फोनवर तू "हो गं आक्का, कळलं" म्हणतेस आणि बोलणं तिथंच राहतं.

लेखात घडलंय ते सगळं खरं आहे. ओमूनं मळलेली कणीक भिंतीला लावली, रिक्षा यायच्या वेळेला नेमकं त्याचं पोट दुखलं, आजीचा चष्मा लावून त्यानं मुंग्या बघितल्या. पण तू लिहितेस, "आमचे चिमुकले पिल्लू आज पुन्हा एकदा खोडकरपणाच्या मूडमध्ये होते." अशी तू कधी बोललीस का गं? तू तर त्याच्यामागं पळत "आरं ए मुडद्या, ठिव ते खाली!" म्हणत असतेस. ते वाक्य लेखात कुठंच नाही. पुण्यात ऑफिसात काय बोलायचं ते बोल, पण पोर ओट्यावर चढलं की तुझ्या तोंडातून परभणीच बाहेर पडते, आणि वाचणारीला तीच ऐकायची असते.

बालवाडी सुटायच्या वेळी फाटकापाशी आया उभ्या असतात, तिथलं बोलणं मी रोज ऐकते. एक म्हणते, "काल आमचं पोरगं पावडरीचा डबा घेऊन कुत्र्याला गोरं करायलं होतं." की लगेच दुसरी, "आमच्यानं तर माझ्या नव्या ओढणीनं शेळी पुसली." तिसरी हसता हसता पिशवी खाली ठेवते, कारण आता तिलाही सांगायचं असतं. त्यांच्यातली एकही बाई "लहान मुलं अशीच असतात" असं म्हणत नाही. तसं कुणी म्हटलं की बाकीच्या नुसत्या मान हलवतात आणि बोलणं संपतं. तुझ्या लेखात अशी मान हलवायला लावणारी वाक्यं फार आहेत. "प्रत्येक आईला हा अनुभव येतोच", "आईपण म्हणजे एक वेगळाच प्रवास". ती सगळी काढून टाक. तू फक्त कुत्रा आणि पावडर सांग, आपली शेळी वाचणारी स्वतः आणून बांधते.

आता त्या "मुडद्या"विषयी. तुला तो शब्द छापायची लाज वाटली असणार. कुणीतरी म्हणेल, आई असून लेकराला असं बोलते. पण आपल्याकडची ही बोली जरा नीट समजून घे. आपल्या आज्या लेकराचं तोंडभर कौतुक करत नसत. कुणी "गुटगुटीत झालंय" म्हटलं की मीठ-मोहऱ्या उतरवायला उठत. पूर्वी ज्या घरात लेकरं जगत नसत, तिथं नंतरच्या पोराचं नाव दगडू, धोंडू, केरबा, कचरू असं ठेवत, म्हणजे हे काही न्यायच्या लायकीचं नाही असं मरणाला वाटावं. केवढं भेदरलेलं काळीज असेल त्या नावांमागं! लेकराला वाईट शब्दानं हाक मारायची आणि त्याच वेळी पदरानं त्याचं नाक पुसायचं, ही आपली रीत त्याच काळजातून आली असं मला वाटतं. वरवर बघणाऱ्याला ती शिवी वाटते, पण ऐकणाऱ्या लेकराला नेमकं कळतं.

आणि ही रीत आजकालची नाही. आपल्या गंगाखेडची जनाबाई घे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही दासी, सातशे वर्षांमागची. तिनं विठ्ठल रंगवला तो लेकुरवाळा. एक पोर खांद्यावर, एकाचा हात धरलेला, एक पुढं चाललंय, मुक्ताई मागं, एक मांडीवर, एक कडेवर, आणि नामानं करंगळी धरलेली. परभणीच्या बसस्टँडवर गंगाखेडची गाडी लागली की असा लेकुरवाळा माणूस आजही हमखास दिसतो, फक्त त्याच्या खांद्याला एक पिशवी जास्त असते. देवाला आपल्या घरातल्यासारखा बघितला म्हणून ते चित्र आजवर टिकलं. आणि हीच जनाबाई रागावली की त्याच विठ्ठलाला कारट्या म्हणते, अरे-तुरे करते, वाट्टेल ते बोलते. ते ऐकताना हसूही येतं आणि भरूनही येतं.

इथं एक बारीक गोष्ट आहे, बबे, आणि तुला मुख्य सांगायचं ते हेच. जनाबाई हे विठ्ठलाला म्हणते, त्याच्या तोंडावर. विठ्ठल कारटा आहे असं ती चार बायांना सांगत बसत नाही. "मुडद्या" हा शब्द ओमूला उद्देशून आला तर त्यात माया आहे. तोच शब्द ओमूविषयी आला, "आमचा मुडदा असा आहे" असा, की त्याचा शिक्का होतो. तुझ्या लेखात नेमकं उलटं झालंय. ओमूशी बोलतानाची तुझी वाक्यं गोड-गोड केलीस, आणि ओमूचं वर्णन करताना मात्र "हट्टी", "आळशी", "अभ्यासात शून्य" असे शब्द घातलेस, वर एक हसरी मल्लिनाथी. त्याला काय म्हणालीस ते जसंच्या तसं लिही, आणि त्याच क्षणी तुझे हात काय करत होते तेही लिही. जीभ रागावलेली आणि हात सावरणारे, हे दोन्ही शेजारी-शेजारी आले की वाचणारीला समजावून सांगावं लागत नाही.

फाटकापाशीच बघितलेलं सांगते. एक आई हसत-हसत सांगत होती, "आमची ही म्हणजे निव्वळ ठोंब्या, काही येत नाही हिला." सगळ्या हसल्या. ती पोरगी आईच्या साडीत तोंड खुपसून उभी होती, आणि तिचा एकच डोळा बाहेर, सगळ्यांकडं बघणारा. त्या आईचं लेकीवर प्रेम नाही असं मी म्हणणार नाही, रोज डब्यात काहीतरी नवं करून देते ती. पण ते हसू पोरीला सोडून झालं. छापलेल्या लेखात तर असं हसू वर्षानुवर्षं राहतं. ओमू बारा वर्षांचा झाल्यावर त्याच्या वर्गातल्या कुणाच्या हातात हा अंक पडला तर त्याला मान खाली घालावी लागेल असं काही त्यात नको. गादी ओली केल्याचा परिच्छेद काढ. आंघोळीचा पण. त्याच्या रंगावरचा आणि जाडीवरचा विनोद तर तू का लिहिलास हेच मला कळलं नाही.

मग हसवायचं कशानं? एक तुकडा मीच लिहून बघितला. तुझ्याच लेखातला नाश्त्याचा प्रसंग, तुझ्याच तोंडून.

"सकाळी सात वाजता धपाट्याच्या प्रश्नावर बोलणी सुरू झाली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ओमू, मध्यस्थ आजी. ओमूची मागणी एकच, धपाट्यातले तीळ काढून द्या. मी म्हणाले, मुडद्या, तीळ काढले तर राहतंय काय? आजीनं चष्मा लावला आणि सुईनं तीळ वेचायला बसली. पावणेआठला रिक्षाचा हॉर्न वाजला तेव्हा अर्धा धपाटा तीळमुक्त झाल्याचं आजीनं जाहीर केलं. ओमूनं तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, 'पण हा आता माझा नाही राहिला. हा आजीचा झाला.'"

बघ, यात काय-काय केलं ते सांगते. बोलणी, मागणी, मध्यस्थ, जाहीर हे सगळे शब्द पेपरातले, मोर्चा-उपोषणाच्या बातम्यांतले. परभणी पडली जिल्ह्याची जागा. निवेदन, मुदतवाढ, पंचनामा, तहकूब हे शब्द आपल्याकडं चहाच्या टपरीवरही बोलतात. एवढे मोठे शब्द एवढ्याशा तिळाला लावले की हसू येतं, आणि ते कुणाच्याही अंगावर जात नाही. तुझ्या वाचणारीला दुसरी भाषा जवळची असेल तर ती घे. श्रावणातल्या कहाण्यांची घे, कीर्तनकाराची घे, क्रिकेटच्या समालोचनाची घे. पण एका लेखात एकच, नाहीतर सोंग वाटतं.

ओमूचं वाक्य शेवटी ठेवलं आणि त्याच्यापुढं काही लिहिलं नाही. "अशी ही आमच्या घरातली रोजची धमाल!" असं तू प्रत्येक प्रसंगाच्या खाली लिहितेस. नको. लेकरू जे बोललं त्याच्या पुढं मोठ्या माणसाला बोलायला काही शिल्लक नसतं.

लेकराचं बोलणं मात्र जसं आलं तसंच ठेव. तुझ्या लेखात ओमू "मी ते काम केले" असं म्हणतो. चार वर्षांचं लेकरू असं बोलतं होय? ते "करलं" म्हणतं, कारण धरलं, भरलं ऐकून त्यानं आपल्या डोक्यानं तो नियम काढलेला असतो. तो नियम इथं चालत नाही हा काही त्याचा गाढवपणा नव्हे, उलट हुशारी आहे. सुट्टीत इथं आला होता तेव्हा लाईट गेली आणि त्यानं विचारलं होतं, "लाईट झोपली का?" तुला आठवतं ना? ते तू लिहिलंच नाहीस. आणि शेजारच्या खालांचं ऐकून प्रत्येक गोष्टीला "नक्को, नक्को" म्हणत हिंडायचा ते? आपण निजामी मुलखातली माणसं, आपल्या मराठीत दखनी बेमालूम मुरलेली. ते "नक्को" पुण्याला नेऊन त्यानं शाळेत वापरलं असेल तर बाईंचं तोंड कसं झालं ते विचार त्याला, आणि लिही.

आपली बोली लेखात आणायची म्हणजे काय, त्यासाठी लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुन्हा एकदा ऐक. औरंगाबादला नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस एकटा रंगमंचावर उभा राहून ५२ पात्रं करायचा, तीही आपल्या मराठवाडी बोलीत, आणि जिकडं-तिकडं नाट्यगृहं भरायची. आपलं बोलणं पुण्या-मुंबईत कुणाला कळायचं, ही शंका त्यांनी मोडून काढली. माझ्या मते त्यांचं खरं बळ असं की सगळी माणसं एकाच गावची असून प्रत्येकाचं बोलणं वेगळं. म्हातारीचा सूर निराळा, पोराचा निराळा, पुढाऱ्याचा निराळा. तुझ्या घरातही तसंच आहे. तुझ्या सासूबाईंची बोलायची ढब तुझ्यासारखी नाही, जावईबापूंची तर त्याहून वेगळी. लेखात मात्र सगळे एकाच आवाजात बोलतात. आणि उलट बाजूनं सांगते, बोली सगळीकडं शिंपडूही नको. तुझं निवेदन तू साधं, सरळ मराठीत कर. माणसं तोंड उघडतील तिथं त्यांचं बोलणं येऊ दे. नाहीतर वाचणारीला वाटतं की गावाकडची मंडळी दाखवून हसवायलीय.

बापाचं कसं लिहायचं, हे मला तुझ्याशी जरा भांडूनच बोलायचंय. तुझ्या लेखात जावईबापूंना डब्याचं झाकण सापडत नाही, शाळेचा गणवेश कळत नाही, ताप किती ते बघता येत नाही. बाया यावर हसतात, मला माहीत आहे. पण बबे, या विनोदानं बापाची सुटकाच होते. त्याला काही येत नाही असं आपणच हसत-हसत ठरवून टाकतो आणि मग सगळं आपल्याच अंगावर येतं. चिं. वि. जोशींचा चिमणराव आठव. १९३०च्या दशकातलं ते घर, बडोद्याला पाली भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापकानं रंगवलेलं. बाप चिमणराव, आई काऊ, पोरं राघू, मैना आणि मोरू, अख्खं घर पाखरांचं! नावांतच सगळा जिव्हाळा येऊन बसलाय. तिथं बापाची फजिती होते खरी, पण ती बाप स्वतः सांगतो, "मी" म्हणून सांगतो. म्हणूनच वाचणारा त्याच्या बाजूचा होतो. पुढं १९७७ ते ७९ या काळात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो चिमणराव उभा केला आणि पुस्तकं न वाचणाऱ्या घरांतही तो पोचला. जावईबापूंची फजिती त्यांना स्वतःला लिहायची असेल तर खुशाल लिहू दे. तू त्यांच्या वतीनं लिहू नको.

सासूबाईंचे विनोद तर बंदच कर. तीळ वेचणारी आजी पुरे.

लिहिताना डोळ्यांपुढं एक बाई ठेव. "समस्त पालकांनो" म्हणून सुरुवात केलीस ती मला अजिबात आवडली नाही. जात्यावरच्या ओव्या बघ. पहाटे दळताना समोर एक शेजारीण बसलेली, आणि गाणारी तिलाच "बाई" म्हणून सांगते. लेकाचं सांगते, भावाचं सांगते, अंग दुखतंय तेही सांगते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात आपल्या परभणीकडच्या बायाही आहेत. एका बाईला सांगितलेलं लाख बायांचं कसं होतं ते तिथं कळतं. तू जिंतूरच्या चुलतबहिणीला डोळ्यांपुढं ठेव. तिला जुळी आहेत, तिला रात्री एक हात रिकामा मिळाला तर ती वाचणार. तिला सांगायचं तर तू "आईपणाचा प्रवास" म्हणशील? तू म्हणशील, "बाई गं, आज तिसऱ्यांदा गरम केलेला चहा पण गारच प्याले."

अमेरिकेतही हेच झालं होतं. ओहायो राज्यातल्या डेटनजवळ राहणाऱ्या अर्मा बॉम्बेक या बाईनं धाकटं लेकरू शाळेत जायला लागल्यावर १९६४ साली एका छोट्या वर्तमानपत्रात घरातल्या गमती लिहायला सुरुवात केली. एका लेखाचे तीन डॉलर मिळत. पुढं त्यांचं लिखाण नऊशेच्या आसपास वर्तमानपत्रांत छापलं जाऊ लागलं. विषय कोणते, तर धुणं, मोजे, पोरांची भांडणं. घरकामाला कंटाळलेली बाई कंटाळलीय असं हसत-हसत म्हणू शकते, हे त्यांनी छापून दाखवलं. आपल्याकडं अजूनही आईनं "थकले" म्हणायची चोरी आहे. म्हटलं की लगेच कुणीतरी "आमच्या वेळी पाच-पाच होती" काढतं. म्हणून विनोद कामाला येतो. विनोदात गुंडाळून दिलं की "थकले" हा शब्द सासरीसुद्धा ऐकून घेतात.

पण सगळंच गुंडाळू नको, बबे. ओमू झाल्यावरचे ते पहिले महिने तू लेखात "झोपेचं खोबरं" म्हणून एका ओळीत हसून उडवलेस. मला माहीत आहे तेव्हा तुझं काय होत होतं. तू भिंतीकडं तोंड करून रडायचीस, जेवायची नाहीस, आईनं येऊन तुझ्याजवळ मुक्काम केला होता. ते लिहायचं तर सरळ लिही, हसू न आणता. नाहीतर लिहूच नको. बाळंतपणानंतर जिला असं होतंय अशी एखादी बाई तुझा लेख वाचत असेल, तिला वाटेल की सगळ्यांना हे हसण्यासारखं वाटतं, आपल्यालाच का रडू येतंय? तिच्यासाठी दोन साधी वाक्यं पुरतात : मला तेव्हा रडू येत होतं, आणि मी ते आईला सांगितलं. तिला डॉक्टरांकडं जायचा धीर यायला तेवढंही पुष्कळ होईल. विनोदी लेखात मध्येच असा परिच्छेद चालतो का असं विचारशील. चालतो. हसवणाऱ्या बाईवर वाचणारीचा विश्वास बसलेला असतो, तिच्या तोंडून आलेलं ती मनावर घेते.

इंग्रजी शब्दांची चिंता करू नको. "होमवर्क", "युनिट टेस्ट", "पॅरेंट मीटिंग" हे आपण असेच बोलतो, तसेच राहू दे. "गृहपाठ" लिहिलंस की ओमूच्या घरात एकदम आपले शाळेतले गुरुजी शिरतात.

आता असं कर. लेख मोठ्यानं वाच, आणि ओमू जागा असताना वाच. जिथं तू आवाज बारीक करशील ते वाक्य काढायचं. मग त्याला विचार, "तुझं धपाट्याचं लिहू का पुस्तकात?" चार वर्षांच्या पोराला काय विचारायचं असं जावईबापू म्हणतील, तरी विचार. तो "नक्को" म्हणाला तर दुसरा प्रसंग घे, तुझ्याकडं काही कमी नाहीत. आणि त्याचं घरचं नाव छापू नको, "आमचं पोरगं" एवढंच पुरे. संपादकांनी पंधराशे शब्द मागितलेत ना, मग लाईटची गोष्ट आणि "नक्को" घातल्यावर कणकेचा प्रसंग कापावा लागेल. तो काप, तो तसाही सगळ्यांच्या घरी घडतो. चष्म्यातल्या मुंग्यांचा मात्र वाढव. मुंग्या मोठ्या दिसल्यावर तो काय म्हणाला होता ते तू लिहिलंच नाहीस. तो काही म्हणाल्याशिवाय राहिला असेल, यावर माझा विश्वास नाही.